सुरगाण्याचे सरपण, सुरगाण्याचे पाणी

सह्याद्रीच्या धारेवर उगम पावून नार आणि पार या नद्या जेथून पश्चिमेकडे गुजरातच्या मुलखात उतरू लागतात, त्या सुरगाणा तालुक्याचा इतिहास आजवर देशमुखांच्या गादीच्या अंगाने थोडाबहुत सांगितला गेला आहे. परंतु बाहेरच्या जगाने या डोंगराळ मुलखाकडे जेव्हा जेव्हा वळून पाहिले तेव्हा तेव्हा त्याची नजर येथल्या जंगलावर नाहीतर पाण्यावर होती, ही गोष्ट ध्यानात घेतल्यास त्या इतिहासाचे एक निराळेच पान उघडते. पुन्हापुन्हा उत्पन्न होणाऱ्या ऊर्जेचा विचार आपल्याकडे सूर्याच्या तावदानांपासून आणि पवनचक्क्यांपासून सुरू होतो. वास्तविक वाढणारे झाड आणि वाहणारी नदी ही तिची जुनी रूपे होत. ती अक्षय राहतात की आटतात, हे त्यांच्या स्वभावापेक्षा त्यांवर हक्क कोणाचा आहे यावर अधिक ठरते, आणि माझ्या मते याची साक्ष सुरगाण्याइतकी स्पष्ट फार थोड्या ठिकाणी मिळेल.

कोकणा, वारली, महादेव कोळी आणि भिल्ल या समाजांच्या शेतीत जंगल हे जळणाचे कोठार होते आणि खताचेही. पावसाळ्यापूर्वी झाडांच्या फांद्या छाटून, त्यांवर पालापाचोळा, शेण आणि माती पसरून रोपाची जागा भाजावयाची, या राब भाजण्यावर नागली, वरई आणि भात यांचे रोप अवलंबून असे. फांदी तोडावयाची आणि खोड राखावयाचे, म्हणजे पुढल्या वर्षांत पुन्हा फुटवा येतो, हा त्यातला हिशेब अनुभवाने बसलेला होता. इंग्रजी जंगलखात्याला मात्र राब हा झाडांचा नाश वाटला. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत या प्रश्नावर एवढे काहूर उठले की मुंबई सरकारला १८८५ साली चौकशीसाठी कमिशन नेमावे लागले. शेतकऱ्याची वहिवाट ही या वादात सरकारदफ्तरी एक पक्ष म्हणून नोंदली गेली, एवढे त्या कमिशनचे महत्त्व निश्चित आहे.

सुरगाणा त्या काळी संस्थान असल्याने खालसा मुलखाचे कायदे तेथे सरळ लागू नव्हते. शेजारचे पेठ संस्थान १८७८ साली इंग्रजांकडे गेले. सुरगाणा मात्र नाशिकच्या कलेक्टरच्या राजकीय देखरेखीखाली देशमुखांच्याच अंमलात राहिले आणि १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. परंतु संस्थानाची सरहद्द बाजारपेठेला अडवू शकत नव्हती. पश्चिमेला लागून असलेल्या डांगचे जंगल इंग्रजांनी भिल्ल राजांकडून १८४२ पासून इजाऱ्याने घेतले होते, ते सागासाठी. आणि १९१३ साली गायकवाडांच्या बडोदे संस्थानाने बिलिमोऱ्यापासून वघईपर्यंत अरुंद मापाची रेल्वे नेली, तिचाही मुख्य हेतू डांगचे लाकूड समुद्रकाठच्या पेठांत आणण्याचा होता. घाटाखालच्या जंगलाच्या तोंडाशी आगगाडी येऊन उभी राहिली की त्या जंगलाची किंमत मुंबईत आणि सुरतेत ठरू लागते, आणि झाड तोडणाऱ्याची मजुरी मात्र जेथल्या तेथे राहते.

लाकडापेक्षाही या व्यवहाराचे मर्म कोळशाच्या भट्टीत दिसते. लाकडे रचून, पाल्याने आणि मातीने झाकून, हवा मोजकी देत कित्येक दिवस धुमसत ठेवली म्हणजे चार-पाच भाग लाकडातून एक भाग कोळसा हाती येतो. एवढी नासाडी पत्करून कोळसा का पाडावा, याचे उत्तर वाहतुकीच्या खर्चात आहे: बैलगाडीने घाट चढून न्यावयाचे ओझे हलके झाले की दूरच्या शहराचे जळण परवडू लागते. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई पडली तेव्हा या प्रांतातल्या मोटारी कोळशाच्या वायूवर चालू लागल्या. शहराची वाहतूक काही वर्षे अक्षरशः जंगलावर चालली, आणि तरीही त्या ऊर्जेला कोणी भविष्यातील ऊर्जा म्हटले नाही, कारण ती पैदा करणारा माणूस वेठीचा आणि कर्जाचा बांधलेला होता.

या बांधिलकीचे वर्णन सरकारी कागदांत उतरले ते १९३७ च्या काँग्रेस मंत्रिमंडळाने नेमलेल्या सिमिंग्टन या अधिकाऱ्याच्या अहवालामुळे. ठाणे, नाशिक आणि खानदेशातील आदिवासींकडून ठेकेदार आणि सावकार कशी वेठ घेतात हे त्याने उघडपणे मांडले. त्यातून पुढे, १९४७ च्या सुमारास, बाळासाहेब खेरांच्या सरकारच्या काळात, जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या उभ्या राहिल्या. कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, तोडण्याचे काम मक्तेदाराऐवजी तोडणाऱ्यांच्याच संस्थेला द्यावे, ही कल्पना त्या काळी धाडसाची होती. या सोसायट्यांत पुढे दोष शिरले हे खरे. तरी कूप तीस-चाळीस वर्षांनी पुन्हा उभे राहावे यात ज्याचे हित गुंतले आहे त्याच्या हातीच कुऱ्हाड असावी, हे तत्त्व मला आजही निर्दोष वाटते. १९८० च्या वन संवर्धन कायद्यानंतर धोरणाचा रोख तोडीकडून राखणीकडे वळला, आणि मजुराचा तो वाटाही आक्रसत गेला.

पाण्याची कथा याहून वेगळी नाही. महाराष्ट्रात जलविद्युतीच्या राजकारणाचा आरंभ मुळशीत झाला. टाटांनी १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना दिली, आणि पुढच्या धरणासाठी मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांची भातखाचरे पाण्याखाली जाणार हे उघड झाल्यावर १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तो सत्याग्रह उभा राहिला, जो आज धरणविरोधी लढ्यांचा आद्य लढा मानला जातो. त्याचा पराभव झाला आणि १९२७ साली त्या धरणाच्या पाण्यावर भिऱ्याचे वीजघर चालू झाले. दगडी कोळशाच्या धुरावाचून मिळणारी ती वीज मुंबईला वरदान ठरली हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु मावळातील कुटुंबांनी भरलेली किंमत कंपनीच्या ताळेबंदात कोठल्याच रकान्यात आली नाही, आणि म्हणूनच ती वीज स्वस्त दिसली.

नार-पारच्या खोऱ्यात हाच प्रश्न नव्या पोशाखात आला. पार-तापी-नर्मदा जोड प्रकल्पाच्या मूळ आराखड्यात सात धरणे होती, त्यांपैकी झरीचे नाशिक जिल्ह्यात आणि उरलेली गुजरातेत. वाटेवर वीजघरांचीही योजना होती. २०१० साली केंद्र, महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात सविस्तर आराखड्यासाठी करार झाला, २०२२ च्या अर्थसंकल्पात प्रकल्पाचा उल्लेख आला, आणि धरमपूर, वांसदा भागातील आदिवासींच्या आंदोलनानंतर त्याच वर्षी गुजरात सरकारने तो बाजूला ठेवल्याची घोषणा केली. पुढे २०२४ साली महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ७,०१५ कोटी रुपयांच्या नार-पार-गिरणा योजनेला मंजुरी दिली. तीत पश्चिमेकडे वाहून जाणारे पाणी उपसून घाटमाथ्यापलीकडे गिरणा खोऱ्यात न्यावयाचे आहे. मालेगाव-जळगावच्या कोरड्या शिवारांची तहान खरीच आहे. पण जेथे मुसळधार पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात बायकांना हंडाभर पाण्यासाठी दरी उतरावी लागते, त्या सुरगाण्याच्या पाड्यांचा वाटा आधी ठरवून मग पंप बसवावेत, असे म्हणण्यात गिरणाकाठचा द्वेष नाही.

याच तालुक्यातील सरहद्दीवरच्या काही गावांनी २०२२ च्या अखेरीस, रस्ते, वीज, पाणी, दवाखाना या सोयी मिळत नसल्याच्या कारणाने, आपल्याला गुजरातेत सामील करावे अशी मागणी केली. त्याआधी मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात सुरगाण्याचे लोक मोठ्या संख्येने होते, आणि त्यांची मुख्य मागणी वनजमिनीच्या हक्काची होती. मार्च २०२३ मध्ये पुन्हा निघालेल्या मोर्चाच्या मागण्यांत वनहक्काच्या जोडीला शेतीसाठी बारा तास अखंड वीज ही मागणी आली. कसणाऱ्याच्या नावे प्लॉट झाला तरी पंपाला वीज नसेल तर रब्बीचे पीक येत नाही, हा त्या दोन मागण्यांना सांधणारा सरळ व्यवहार आहे.

आता सूर्याच्या शक्तीवर शेतीपंप चालविण्याच्या योजना राज्यभर निघाल्या आहेत, आणि सह्याद्रीत वर-खाली दोन तलाव बांधून वीज साठविण्याचे प्रकल्प हजारो मेगावॉटच्या आकड्यांनी जाहीर होत आहेत. अशा वेळी २००६ च्या वनहक्क कायद्यातील एका तरतुदीकडे लक्ष वेधावेसे वाटते. कलम ३, पोटकलम २ मध्ये गावाच्या तेरा सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरहून कमी वनजमीन, हेक्टरी पंचाहत्तरांपेक्षा अधिक झाडे न तोडता, ग्रामसभेच्या शिफारशीने वापरता येते; त्या तेरांत वीजवाहिनी आहे, लहान कालवा आहे, आणि अपारंपरिक ऊर्जेचे साधनही स्पष्ट शब्दांत आहे. सुरगाणा अनुसूचित क्षेत्रात असल्याने ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्याचेही बळ आहे. पाड्याच्या ओढ्यावर लहानसे वीजघर किंवा गावठाणालगत सौर पंपांचा संच उभारून त्याची मालकी ग्रामसभेकडे ठेवण्याचा, आणि उरलेली वीज महावितरणला विकली तर तिचे उत्पन्न गावाच्या खात्यात घेण्याचा मार्ग येथून निघू शकतो. बाहेरच्या मोठ्या प्रकल्पांसाठी जमिनी मोजण्याआधी तालुक्यातील ग्रामसभांकडे या कलमाखालचे ठराव मागविणे हे तहसीलदार कचेरीचे आणि वनखात्याचे पहिले काम असावयास हवे.