पोलादनगरीतील श्रमाचा दिवस

भिलाईचा इतिहास बहुधा उत्पादनाच्या आकड्यांत सांगितला जातो. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आरंभी १० लाख टनांची असलेली वार्षिक क्षमता १९६७ मध्ये २५ लाख टनांवर आणि १९८८ मध्ये ४० लाख टनांवर गेली. हे आकडे खरे आहेत आणि अभिमानास्पदही आहेत. परंतु या पोलादामागे माणसाचा जो दिवस खर्ची पडला, तो कसा होता, कोणाच्या वाट्याला किती कष्ट आले आणि कोणाला किती विसावा मिळाला, हा इतिहासही तितकाच महत्त्वाचा आहे.

मराठी वाचकाला हा प्रदेश परका नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. बिंबाजी भोसल्यांची कारकीर्द तेथेच गेली. १९५५ मध्ये करार झाला तेव्हाही दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने हा धागा राजकीयदृष्ट्या तुटला. तरीही मुंबई-हावडा लोहमार्गाने आणि नागपूर-रायपूर महामार्गाने तो व्यवहारात टिकून राहिला.

कारखान्याच्या उभारणीत सोव्हिएत अभियंत्यांचा वाटा मोठा होता. व्हेनियामिन दिम्शित्स हे त्यांचे प्रमुख होते. पण यंत्रे बसविण्यापूर्वी जमीन खणावी लागते, भराव घालावा लागतो, काँक्रीट वाहावे लागते. हे काम ठेकेदारांच्या हाताखालील रोजंदारी मजुरांनी केले, आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. शेतात ज्या टोपलीने माती वाहिली जात असे, तीच टोपली येथेही डोक्यावर आली. या काळात आसपासच्या खेड्यांत एक अफवा फार पसरली होती. भट्टी आणि धुराडी उभी राहण्यासाठी माणसांचे बळी दिले जातात, असे लोक एकमेकांना सांगत. ही अफवा निराधार होती. तथापि तिच्यात नव्या उद्योगाविषयीचे भय स्पष्ट दिसते. एवढी प्रचंड वस्तू काहीतरी घेतल्याशिवाय उभी राहणार नाही, असे शेतकऱ्याच्या मनाने धरले होते.

कारखाना सुरू झाल्यावर या भागातील माणसाच्या दिवसाचे मोजमापच बदलले. सूर्याऐवजी भोंगा आला, आणि पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी असे आठ-आठ तासांचे तुकडे पडले. कोक भट्टी हे त्यांतील सर्वांत खडतर ठिकाण. तेथे हवाबंद कप्प्यांत दगडी कोळसा १००० अंश सेल्सियसहून अधिक उष्णतेवर कित्येक तास भाजला जातो. मग कप्प्याचे दार उघडते, यंत्राचा दट्ट्या लालभडक कोक बाहेर ढकलतो आणि त्यावर पाणी सोडून तो विझविला जातो. भट्टीच्या माथ्यावर उभे राहणाऱ्या कामगाराच्या पायाखाली आग असते आणि भोवती धूर असतो. त्यामुळे काही वेळ काम आणि काही वेळ विश्रांती अशी आळीपाळीची पद्धत तेथे रूढ झाली. १९९३ पासून भिलाईचा दीर्घ अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी नोंदविलेली एक गोष्ट येथे लक्षणीय आहे. शेतीतून आलेल्या अनेक कामगारांना कारखान्यातील कायम नोकरी शेतापेक्षा कमी कष्टाची वाटत असे. भाताच्या लावणीत दिवसभर वाकून राहणे, त्या कष्टाला ठरलेली वेळ नसणे आणि इतके करूनही पोटाची शाश्वती नसणे, हे त्यांना भट्टीहून अधिक जाचक वाटे.

या ठरलेल्या वेळेचे दृश्य रूप म्हणजे नगरीतील सिविक सेंटर. भिलाईची वसाहत सेक्टरांत आखली गेली आणि घरे, शाळा, रुग्णालय यांच्याबरोबर सर्वांच्या एकत्र येण्याची जागाही तिच्यात राखली गेली. सिविक सेंटरमधील बाजार, नेहरू आर्ट गॅलरी, संध्याकाळी फिरायला आलेली कुटुंबे, या साऱ्यांमागे एक गृहीत तत्त्व आहे: आठ तास कष्ट करणाऱ्याला उरलेल्या वेळेत नागरिक म्हणून जगता आले पाहिजे. देशाच्या सर्व प्रांतांतून आलेली माणसे येथे शेजारी झाली, म्हणून भिलाईला ‘लघु भारत’ म्हटले जाते. कामगाराच्या संध्याकाळची एवढ्या विचाराने केलेली सोय भारतीय उद्योगाच्या इतिहासात विरळाच. गिरणगावातील कामगाराची संध्याकाळ चाळीच्या गॅलरीत आणि रस्त्यावर जात असे. ती कोणी आखून दिलेली नव्हती.

परंतु ही संध्याकाळ सर्वांच्या वाट्याला आली नाही. भिलाईच्या दक्षिणेस सुमारे ९० किलोमीटरवर दल्ली-राजहरा येथे कारखान्याच्या लोहखनिजाच्या खाणी आहेत. तेथे सत्तरच्या दशकात ठेकेदारांचे हजारो स्त्री-पुरुष मजूर हातांनी दगड फोडत आणि ट्रकांत भरत. त्याच खनिजाचे पोलाद करणाऱ्या कायम कामगाराच्या मानाने त्यांचे वेतन अगदी तुटपुंजे होते. १९७७ मध्ये ते संघटित झाले, तेव्हा त्यांच्या मागण्या साध्या होत्या. कामावर हजर राहूनही काम मिळाले नाही, तर त्या दिवसाचा काही मोबदला मिळावा आणि पावसाळ्यापूर्वी झोपडी शाकारण्यासाठी १०० रुपये मिळावेत. २ व ३ जून १९७७ रोजी झालेल्या पोलीस गोळीबारात ११ जण मृत्युमुखी पडले. पुढे १९८३ मध्ये याच मजुरांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद रुग्णालय सुरू केले.

या चळवळीचे नेते शंकर गुहा नियोगी हे आधी भिलाईच्याच कोक भट्टी विभागात कामगार होते. १९९० नंतर त्यांनी भिलाईतील खाजगी कारखान्यांच्या कंत्राटी कामगारांचा प्रश्न हाती घेतला. २८ सप्टेंबर १९९१ रोजी पहाटे झोपेत असताना त्यांची हत्या झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये प्रत्यक्ष गोळी झाडणाऱ्याला दोषी ठरवून शिक्षा दिली आणि अन्य आरोपींची दोषमुक्ती कायम ठेवली. दरम्यान १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाऊस रेल्वे स्थानकाजवळ लोहमार्गावर बसलेल्या कामगारांवर गोळीबार होऊन पंधराहून अधिक कामगार प्राणास मुकले. सिविक सेंटर ज्या नगरीचे मध्यवर्ती ठिकाण, त्याच नगरीत हे घडले. भिलाईच्या बोलीत ‘नोकरी’ आणि ‘काम’ हे दोन शब्द वेगळ्या अर्थांनी वापरले जातात, हे पॅरी यांनी दाखवून दिले आहे. नोकरीला घर, रजा आणि निवृत्तीचा आधार असतो. कामाला फक्त त्या दिवसाची मजुरी असते. कायम कामगारांची संख्या जसजशी घटत गेली, तसतसा उष्णतेचा, धुळीचा आणि ओझ्याचा भाग नोकरीकडून कामाकडे सरकत गेला.

धोका मात्र हा भेद नेहमीच पाळत नाही. १२ जून २०१४ रोजी पंपगृहातील बिघाडामुळे पाण्याचा दाब घटला, झोतभट्टीचा वायू पसरला आणि सहा जणांचा मृत्यू झाला. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. या वायूतील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, गंधही नसतो. म्हणून तो माणसाला सावध होऊ देत नाही. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक भट्टीच्या वायुवाहिनीवर देखभालीचे काम चालू असताना आग लागली. त्या दिवशी नऊ जण गेले, आणि नंतर मृतांची संख्या दहाच्या पुढे गेली. दोन्ही प्रसंगी काळाने गाठले ते प्रामुख्याने दुरुस्ती आणि देखभाल करणाऱ्या हातांना.

पोलाद तयार झाल्यावरही श्रमाची साखळी संपत नाही. रूळ बहुतांशी रेल्वेने जातात. पण पत्रे, सळ्या, तुळया यांचा मोठा भाग ट्रक आणि ट्रेलरवर चढतो. दुर्ग, राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा हा नागपूरचा मार्ग या वाहतुकीने सतत गजबजलेला असतो. माल चढण्याची वाट पाहण्यात चालकाचा दिवस जातो आणि प्रत्यक्ष प्रवास रात्री सुरू होतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. लांब पल्ल्यासाठी ती १० व ५४ तासांपर्यंत वाढविता येई, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक होती. कारखान्याच्या फाटकावर पाळी मोजता येते. महामार्गावर ती मोजणारे कोणी नसते, त्यामुळे हा नियम बहुतेकदा कागदावरच राहिला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर राज्यसीमेवरील विक्रीकर नाक्यांच्या रांगा संपल्या. जानेवारी २०२४ मध्ये अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणाऱ्या तरतुदीविरुद्ध चालकांनी चाके थांबविली, तेव्हा नागपुरात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. एरवी नजरेआड राहणारा हा श्रमिक त्या दोन दिवसांत सर्वांना आठवला. नव्या जड ट्रकांच्या चालककक्षात वातानुकूलन सक्तीचे होण्यासाठी २०२५ साल उजाडावे लागले.

या सर्व घटना एकत्र पाहिल्या म्हणजे भिलाईच्या इतिहासाचा एक अर्थ हाती येतो. कष्टाचा दिवस संपावा आणि त्यानंतर माणसाला स्वतःची संध्याकाळ मिळावी, हे या नगरीच्या निर्मात्यांनी मान्य केले होते आणि एका पिढीपुरते ते साध्य करूनही दाखविले होते. जे एकदा करून दाखविले गेले, ते अशक्य होते असे नंतर कोणाला म्हणता येत नाही. खाणीतील मजुराने मागितलेले झोपडीचे १०० रुपये, कंत्राटी कामगाराने मागितलेली कायम नोकरी आणि चालकाला कायद्याने देऊ केलेली अर्ध्या तासाची विश्रांती, या तिन्हींचे मूळ एकच आहे. सिविक सेंटरमध्ये कायम कामगाराला जे लाभले, त्याचा काही वाटा त्यांनाही हवा होता.