विद्यार्थी आरोग्यदूत

शाळेतील मुलामुलींनी आपल्या वर्गसोबत्यांना किंवा खालच्या वर्गांतील मुलांना आरोग्याची माहिती देण्याची पद्धत. मासिक पाळी, खर्रा, परीक्षेची धास्ती अशा गोष्टी मूल गुरुजींना विचारत नाही, आईलाही क्वचितच विचारते. बाकावरच्या मैत्रिणीला मात्र विचारते. तेव्हा त्या मैत्रिणीकडे तरी खरी माहिती असावी, एवढाच यामागचा विचार.

मुलांकडून मुलांना शिकवून घेण्याची रीत जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल यांनी ती मद्रासेत राबवली आणि इंग्लंडात ती ‘मद्रास पद्धत’ म्हणूनच गाजली. आरोग्यासाठी तिचा पद्धतशीर वापर १९७९ च्या आंतरराष्ट्रीय बालवर्षाच्या निमित्ताने सुरू झाला. डेव्हिड मॉर्ले आणि ह्यू हॉज यांनी लंडनमध्ये ‘चाइल्ड-टु-चाइल्ड’ कार्यक्रम उभा केला. त्याच सुमारास मुंबईच्या मालवणी वस्तीत डॉ. व्ही. आर. भालेराव यांनी शाळकरी मुलांना आपापल्या कुटुंबाचे आरोग्यनेते करण्याचा प्रयोग केला.

सरकारी पातळीवर ७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. तो १० ते १९ वयोगटासाठी असून त्यात गावपातळीवर मुले व मुली असे दोन्ही समवयस्क शिक्षक नेमायचे असतात. १२ फेब्रुवारी २०२० रोजी आयुष्मान भारत योजनेखाली शालेय आरोग्य कार्यक्रम आला. प्रत्येक शाळेत दोन शिक्षक ‘आरोग्यदूत’ आणि त्यांच्या हाताशी वर्गातील विद्यार्थी दूत, अशी त्याची रचना. पहिल्या टप्प्यात आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेले, जिल्हे घेतले गेले. १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम त्यांपैकीच एक.

पुस्तिका दिल्लीत तयार होते, पण मुलाने काय सांगावे हे गाव ठरवते. अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुका पाहिला तर हे लगेच पटते. तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा, तर दक्षिणेकडचा भाग पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात. भूजल खारे, त्या भागात मूत्रपिंडाच्या विकारांची चिंता घरोघरी. वान धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या ८४ खेडी योजनेचे नळ हा तेथला मोठा आधार. प्यायचे पाणी कोणते, वापरायचे कोणते आणि नळाचे पाणी साठवताना भांडे कसे झाकावे, हे चौथीतले मूलही सांगू शकते. मुलांनी सांगून विहीर मात्र गोडी होत नाही, आणि योजनेतली उणीव आरोग्यदूताच्या गळ्यात बांधणे बरे नव्हे.

दुसरा विषय फवारणीचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जणांचा जीव गेला, तेव्हापासून वऱ्हाडात हा धडा कोणाला समजावून सांगावा लागत नाही. औषधाचा रिकामा डबा पाण्यासाठी वापरू नये, फवारणीचे कपडे वेगळे धुवावेत, कोणाला भोवळ आली तर दवाखान्यात जाताना डबा सोबत न्यावा: या तीन गोष्टी शेतकऱ्याच्या मुलाने घरी सांगितल्या की पोस्टरपेक्षा जास्त कामाला येतात.

खर्ऱ्याचे प्रकरण अवघड. सुपारी, तंबाखू नि चुना पन्नीत घालून घोटलेला हा माल पानठेल्यावर मिळतो आणि तो आणायला घरचेच बारा वर्षांच्या पोराला धाडतात. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकता येत नाही. शाळेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या, आत तर कोणालाच नाही. कोणता ठेला या हद्दीत येतो, ते मुलांना तोंडपाठ असते.

शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या साप्ताहिक निळ्या गोळीचेही तसेच. शौचाला काळे झाले की वर्गात अफवा उठते आणि गोळ्या दप्तरात साचू लागतात. गोळी जेवल्यावर घ्यावी, काळा रंग लोहामुळे येतो, घाबरू नये, हे ती स्वतः घेणाऱ्या वरच्या वर्गातल्या मुलीने सांगितले तर पटते.

दूत कोणी निवडावा, हा या पद्धतीतला खरा पेच आहे. आपल्याकडे हे काम सहसा वर्गप्रमुखाकडे जाते. तो अभ्यासात पुढे, गुरुजींचा लाडका. त्याच्यापाशी कोणी खर्ऱ्याची कबुली देत नाही. वेल्स आणि पश्चिम इंग्लंडमधील ५९ शाळांत झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२-१३ वर्षांच्या मुलांनाच विचारले गेले, की तुमच्यात कोणाचे ऐकले जाते. मुलांनी ज्यांची नावे घेतली त्यांना शाळेबाहेर प्रशिक्षण दिले. त्यांना भाषणे करायची नव्हती, फक्त गप्पांत विषय काढायचा होता. त्या शाळांत धूम्रपान कमी आढळले. अशी यादी गुरुजींना आवडेलच असे नाही. मागच्या बाकावरचा वात्रट पोरगा तीत हमखास असतो.

एरवीचे निष्कर्ष इतके सुखद नाहीत. समवयस्क शिक्षणाने माहिती वाढते, वागणे बदलतेच असे नाही, असे आढाव्यांत वारंवार दिसते. त्यात खेड्यांची एक अडचण अशी, की जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा चौथी किंवा सातवीपर्यंतच असतात. तयार झालेला दूत पुढच्या वर्गासाठी दुसऱ्या गावच्या किंवा तालुक्याच्या शाळेत जातो, आणि विदर्भात जूनअखेर शाळा उघडली की नव्या मुलांना पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागते.