अजितची निवृत्ती

दीर्घ काळ चाललेल्या रहस्यमालेतली उशिराची कथा हाती घेतली की ‘खून कोणी केला’ याच्या जोडीने आणखी एक प्रश्न वाचकासमोर येतो: दरम्यान काय काय बदलले? शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या ब्योमकेश बक्षीच्या कथांमध्ये याचे उत्तर चक्क क्रियापदांत सापडते.

ही माला १९३२ मध्ये सुरू झाली आणि दहा कथांनंतर थांबली. १९३८ मध्ये शरदिंदू बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईला आले. ब्योमकेश परतला तो थेट १९५१ मध्ये, ‘चित्रचोर’ या कथेतून. पुढच्याच वर्षी लेखक पुण्यात राहायला गेले. कोलकात्याच्या या सत्यान्वेषीचे उत्तरायुष्य लिहिले गेले ते असे पुण्यात.

मधल्या काळात बंगालने दुष्काळ, दंगली आणि फाळणी पाहिली होती. १९५५ च्या ‘आदिम रिपु’मध्ये ती सारी पार्श्वभूमी आहे. कालीपूजेच्या रात्री फटाक्यांच्या आवाजात गोळी झाडली जाते. गुन्हा उकलतो, पण गुन्हेगार पोलिसांच्या हवाली होत नाही. काळ्या बाजारावर गबर झालेल्या शहरात न्याय नेमका कोणाकडे मागायचा, हा प्रश्न सुरुवातीच्या कथांमध्ये इतका टोकदार नव्हता.

१९६० च्या दशकात आणखी एक बदल झाला. ब्योमकेशचा मित्र अजित आजवर या कथा सांगत आला होता. ‘रूम नंबर दुई’पासून त्याचा ‘मी’ नाहीसा होतो. ‘वेणीसंहार’च्या सुरुवातीला लेखक मिश्कीलपणे कारण सांगतो: अजितची भाषा जुनाट झाली, तो अजून लांबलचक क्रियापदेच लिहितो. थट्टेमागे इतिहास आहे. बंगालीत लेखनाची साधुभाषा आणि बोलण्याजवळची चलित भाषा यांचा वाद प्रमथ चौधुरींच्या ‘सबुज पत्र’पासून, म्हणजे १९१४ पासून, रंगला होता. १९६५ मध्ये ‘आनंदबाजार पत्रिका’नेही साधुभाषा सोडली. निवेदकाची निवृत्ती ही एका लेखनभाषेचीही निवृत्ती होती.

अनुवादकाची कसोटी इथेच लागते. मराठीत एवढी मोठी दरी नाही, पण ‘असे, केले, गेले’ आणि ‘असं, केलं, गेलं’ यांतले अंतर आपल्या कानाला कळते. अजितला पहिली रूपे द्यावीत, तो गेल्यावर दुसरी, असे मला वाटते. सगळ्या कथा एकाच सफाईदार मराठीत आणल्या तर रहस्य शाबूत राहील, पण छत्तीसहून अधिक वर्षांचा प्रवास पुसला जाईल. १९९३ च्या दूरदर्शन मालिकेने ब्योमकेश देशभर पोचवला. तिच्या हिंदीत मात्र हा बदल ऐकू येण्याची सोय नव्हती.

१९७० मध्ये शरदिंदू गेले आणि ‘विशुपाल वध’ अर्धवट राहिली. तिथे खुनी कोण हे कळत नाही. पण भाषा कुठे येऊन पोचली होती, ते पहिल्या पानावरच कळते.