पडद्यावरचा आणि पडद्यामागचा अँथनी गोन्साल्विस

१९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ स्वतःचे नाव अँथनी गोन्साल्विस असल्याचे सांगतो. यवतमाळच्या वरातीतल्या पोरांनाही हे नाव पाठ आहे. मात्र ते एका खऱ्या माणसाचे नाव होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आजचा थ्रेड त्या माणसाविषयी.

अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ सालचा, गोव्यातील माजोर्डा गावचा. पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवले जाई. ही विद्या घेऊन अनेक गोवेकर मुंबईस आले. गोन्साल्विसही आले आणि १९४३ च्या सुमारास नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले.

त्या काळच्या ध्वनिमुद्रणाची रीत समजून घेतली पाहिजे. संगीतकार पेटीवर चाल ऐकवी. पण पन्नास वादकांपैकी कोणी केव्हा काय वाजवायचे, हे कुणीतरी कागदावर उतरवावे लागे. हे काम अरेंजरचे, आणि अरेंजर बहुधा गोवेकर. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसोझा, सी. रामचंद्र यांच्याकडे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट. श्रेयनामावलीत फार तर ‘साहाय्यक’ एवढाच उल्लेख, तबकडीवर तोही नाही. गाण्याचे अर्धे सौंदर्य ज्या वाद्यमेळात असते, त्याच्या कर्त्याला ‘साहाय्यक’ म्हणणे हा अन्यायच होता.

गोन्साल्विस यांची तळमळ श्रेयापुरती नव्हती. भारतीय राग आणि पाश्चात्त्य सिंफनी यांची सांगड घालण्याचे स्वप्न ते पाहत होते. १९५८ साली त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभारला. सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात शंभरावर वादक बसले, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. राग सारंगवर आधारलेली गोन्साल्विस यांची स्वतःची रचनाही त्यांच्या संग्रही होती. असा प्रयोग पेलायला मात्र खर्च मोठा आणि आश्रयदाते थोडे. वाद्यवृंद फार काळ टिकला नाही.

१९६५ साली ते अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठात गेले. चित्रपटसृष्टीशी त्यांचा संबंध जवळपास तिथेच संपला. ऐन चाळिशीच्या उंबरठ्यावर, हात तयार असताना!

मग ते नाव चित्रपटात कसे आले? ट्रम्पेटवादक रामप्रसाद शर्मा यांच्या मुलाला गोन्साल्विस यांनी व्हायोलिन शिकवले होते. तो मुलगा म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल. ‘अमर अकबर अँथनी’चे संगीत या जोडीचे. शिष्याने गुरूचे नाव गाण्यात गुंफले. गुरुदक्षिणेचा असा प्रकार हिंदी चित्रपटात विरळाच. गंमत एवढीच की गाणे विनोदी ठरले, आणि हसणाऱ्या प्रेक्षकांना ते नाव काल्पनिकच वाटत राहिले.

गोन्साल्विस पुढे माजोर्ड्याला परतले. १८ जानेवारी २०१२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा अनेक वाचकांना हा माणूस खरोखर होता हे बातमीतून प्रथमच कळले.