चूल, जातें आणि सुई

देवळाचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे पायाचा दगड, घंटा, वेदी आणि धर्मगुरूंचीं नांवें इतकें लिहून लेखणी थांबते. या पुस्तिकेंत तें सर्व इतरत्र आलेंच आहे. म्हणून, प्रिय धर्मबांधवांनो, मीं येथें घराचा, आणि विशेषेंकरून घरांतील स्त्रियांच्या हातांचा, इतिहास थोडासा सांगण्याचें योजिलें आहे. तो आमच्या कोणत्याही नोंदवहींत सांपडत नाहीं.

खाडीपलीकडील ठाण्याची ख्रिस्ती कथा मुळीं एका घरांतच सुरू होते. १३२१ सालीं तोलेंतिनोचा थोमा व त्याचे तीन फ्रान्सिस्कन सोबती ठाण्यास उतरले, तेव्हां तेथें नेस्तोरियन ख्रिस्ती लोकांचीं पंधरा घरें होतीं, असें ओदोरिक या प्रवासी साधूनें लिहून ठेविलें आहे. त्यांतील एका घरीं हे पाहुणे राहिले. एके रात्रीं घरधन्यानें बायकोस मारहाण केली. ती काजीकडे फिर्याद घेऊन गेली आणि घरीं उतरलेले परदेशी साधू आपले साक्षीदार आहेत, असें तिनें सांगितलें. साधूंना बोलावणें आलें, धर्मचर्चा निघाली, आणि तिचा शेवट चौघांच्या हौतात्म्यांत झाला. त्या चौघांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत. मार खाल्लेल्या त्या गृहिणीचें नांव मात्र कोणीं लिहिलें नाहीं.

१५३४ च्या तहानें वसई व साष्टी पोर्तुगीजांकडे गेली आणि त्यांच्याबरोबर पाव आला. हा शब्दच मुळीं त्यांच्या भाषेंतला. पण पावास आंबवण लागतें, आणि तें युरोपांतून कोण आणणार? आपल्या बायकांनीं माडाकडे पाहिलें. ताडीनें पीठ फुगतें हें एकदां कळल्यावर मैदा, अंडीं व नारळाचा रस यांच्यांत ती घालून फुग्या तळल्या जाऊं लागल्या. तांदळाची भाकरी जिथल्या तिथें राहिली. पाव तिच्या शेजारीं येऊन बसला.

आतां एक गोष्ट धर्मगुरूनें सांगणें अवघड, पण ती सांगितलीच पाहिजे. १७३६ सालीं गोव्याच्या धर्मन्यायासनानें जो हुकूम काढिला, त्यानें लोकांच्या स्वयंपाकघरांत व माजघरांतही हात घातला. लग्नांतील गाणीं नकोत, विडे वाटणें नको, मिठावांचून भात शिजवणें नको, अंगणांत तुळस नको, बायकांच्या अंगांत चोळी नको! ख्रिस्तसभेच्या नांवानें निघालेला तो हुकूम चुकीचा होता, असें मला निःसंकोचपणें वाटतें. पुढच्याच वर्षीं, १७३७ च्या मार्चांत, मराठ्यांनीं ठाणें घेतलें आणि १७३९ च्या मे महिन्यांत वसई पडली. युरोपीय धर्मगुरू निघून गेले. हुकूम काढणारेही गेले आणि शिकविणारेही गेले. मागें राहिले थोडे एतद्देशीय धर्मगुरू, आणि घरें. १७६० च्या सुमारास आंकतील द्यु पेरों हा फ्रेंच प्रवासी साष्टींतून गेला, तेव्हां ठाण्यास हजारों ख्रिस्ती लोक थाटानें सण साजरा करीत असलेले त्याला दिसले. मधल्या वीस वर्षांत मुलांना क्रूसाची खूण करावयास कोणीं शिकविलें असेल, हें प्रत्येकानें आपल्या आजीला आठवून ठरवावें. आणि लग्नाच्या आदल्या दिवशीं विहिरीवर वाजत-गाजत जाऊन उंबराचें पाणी आणण्याची चाल तर आजही आहे.

आपला कळवा साष्टीच्या बाहेर, खाडीच्या या कांठावर. १८५४ सालीं आगगाडी पूल ओलांडून कल्याणास गेली, तरी येथें पुष्कळ काळ भातशेतीच होती. ठाणें-बेलापूर रस्त्यावर कारखाने उठले तेव्हां नोकरीच्या निमित्तानें वसईचीं, गोव्याचीं, मंगळूरचीं कुटुंबें या बाजूस आलीं. प्रत्येक सून आपल्या आईचा मसाला घेऊन आली. उन्हाळ्यांत कुटून बाटल्यांत ठांसून भरलेला मसाला कोणाचा चांगला, हा वाद मी पुष्कळ ऐकिला आहे. निवाडा करण्याचें धैर्य मला अद्याप झालेलें नाहीं.

माझ्या लहानपणीं घरीं भट्टी नसे. पातेल्याखालीं निखारे आणि झांकणावरही निखारे, अशी केक भाजण्याची आईची रीत होती. नाताळ जवळ आला कीं डबे पाववाल्याच्या भट्टीवर जात. डब्यावर नांवाची चिठ्ठी चिकटवीत. एके वर्षीं चिठ्ठी जळाली, आणि आमच्या घरीं दुसऱ्याच कोणाचा केक आला. तो आमच्यापेक्षां सरस होता, हें आई पुढें दहा वर्षें कबूल करीत नव्हती.

विणकामाचें निराळें. कोंकणच्या हवेंत लोकरीची गरज ती किती! तरी धर्मभगिनींच्या शाळांत शिकलेल्या मुलींनीं सुया हातीं घेतल्या त्या मुख्यतः तान्ह्या बाळासाठीं: बाप्तिस्म्याचें टोपरें, इवलेसे मोजे. एकच टोपरें पांच भावंडांनीं घातलेलें मीं पाहिलें आहे. क्रोशाच्या सुईनें विणलेली वेदीवस्त्राची किनार आमच्या देवळांतही आहे. तिच्या एका कोपऱ्यांत टांका चुकला आहे. विणणाऱ्या बाईनें तो मला स्वतःच दाखविला. विणतांना नातू आजारी होता, म्हणाली.

बाप्तिस्म्याच्या वहींत आईचें नांव असतें, बापाचा धंदा असतो. आईच्या धंद्याला रकाना नाहीं.

या पुस्तिकेसाठीं आम्हीं घरोघरीं जुनीं छायाचित्रें मागितलीं. एका आजीबाईंनीं छायाचित्राऐवजीं सासूच्या हातचा एक पिवळा कागद दिला. त्यावर फुग्यांचें प्रमाण होतें: मैदा एक शेर, अंडीं सहा, ताडी दोन आण्यांची. १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला आणि ताडी पूर्वीसारखी उघड मिळेनाशी झाली. कागदावर ‘ताडी’ हा शब्द शाईनें खोडलेला आहे, आणि त्याच्या वर दुसऱ्या, नवशिक्या अक्षरांत ‘यीस्ट’ असें लिहिलें आहे. तें अक्षर माझें, आजीबाई म्हणाल्या.