रविवर्मांचा छापखाना आणि फाळकेंचा कॅमेरा

आपल्या धाराशिवकडे जुन्या घरांत कमळावर उभी लक्ष्मी फ्रेममध्ये दिसते. बऱ्याचदा ती राजा रविवर्मांच्या चित्रावरूनच आलेली असते. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्यासाठी फोटोलिथोचं काम करायचे दादासाहेब फाळके. त्याआधी गोध्र्यात त्यांचा फोटो स्टुडिओ होता.

‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) सुरू होतो तेव्हा राजा रोहिदासला धनुर्विद्या शिकवतोय, शेजारी तारामती; सगळी मांडणी चित्रासारखी. लगेच आपण लिहून टाकतो, ‘प्रेरणा रविवर्मांची’. अहो, पण नुसतं सारखेपण संगीत नाटकातूनही आलं असेल की! माझ्या मते वजनदार पुरावा छापखान्याचा आहे. चित्र छपाईच्या दगडावर उतरवायचं तर त्यातली प्रत्येक कड, प्रत्येक छटा बारकाईने बघावीच लागते.

बरं, हे एकतर्फी नव्हतं. रविवर्मा स्वतः चित्रांसाठी फोटोंचा आधार घेत. आणि फाळके नुसती नक्कल करत बसले नाहीत. १९१२ च्या सुमारास त्यांनी कुंडीतला वाटाणा उगवताना एकेक फ्रेम टिपली, त्यात पुराणही नाही आणि राजाही नाही.