चांद्याचा कोट आणि बदलते धनी

शहराचा इतिहास म्हटला म्हणजे राजांची यादी डोळ्यांपुढे उभी राहते. चंद्रपूरची यादी आपणां सर्वांस पाठ आहे: गोंड, भोसले, इंग्रज आणि शेवटी आपले राज्य. परंतु धनी बदलला तेव्हा राबणाऱ्याच्या पदरात काय पडले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. मला इतिहास या प्रश्नापासूनच वाचावासा वाटतो.

खांडक्या बल्लाळशहाने बल्लारपुराहून राजधानी येथे आणली, असे सांगतात. झरपटीच्या पाण्याने त्याची व्याधी बरी झाली, सशाने कुत्र्याचा पाठलाग केला, त्या वाटेने कोट आखला, अशी कथा आहे. कथा कशीही असो, कोट खरा आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर हे चार दरवाजे, पाच खिडक्या, आणि वेशीवर हत्तीला दाबणारा सिंह. राणी हिराईने बीरशहाची समाधी बांधली, महाकालीचे देऊळ उभारले. त्या देवळाच्या चैत्री यात्रेला मराठवाड्यातला गोरगरीब आजही येतो. मात्र गोंडांची खरी थोरवी मला तळ्यांत दिसते. जो तळे बांधील त्यास त्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळे, असे सांगतात. म्हणजे घामाचे मोल पाण्यात आणि जमिनीत मिळत होते. तरीही कोटाचे दगड वाहणाऱ्यांची नावे कोठेच कोरलेली नाहीत.

१७५१ साली रघूजी भोसल्यांनी चांदा घेतला. नीळकंठशहा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैद झाला आणि राजधानीचे गाव नागपूरच्या हाताखालचा मुलूख बनले. मे १८१८ मध्ये इंग्रजी तोफांनी कोटास खिंडार पाडले. १८५३ साली तिसरे रघूजी वारले आणि पाठोपाठ राज्य खालसा झाले. १८५८ साली मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके उठले. २१ ऑक्टोबरला त्यांना चांद्यात फाशी दिली. पुढे १८७१ साली वरोऱ्याची कोळशाची खाण सुरू झाली, आणि १८७८ च्या कायद्याने जंगल सरकारी ताब्यात गेले. ज्याच्या आज्याने रान राखले, तोच लाकडाच्या मोळीसाठी गुन्हेगार ठरला!

दूर सिसिलीतील पालेर्मो शहरावरही अरब, नॉर्मन, स्पॅनिश असे धनी आले नि गेले. तेथे जमिनीखाली खोदलेले जुने पाण्याचे पाट आजही दाखवतात. राज्ये गेली, पाणी राहिले.

१९६० साली महाराष्ट्र झाला, १९८२ साली गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. आज येथून कोळसा, वीज आणि कागद देशभर जातो. उद्याचा इतिहासकार आपल्यालाही तोच प्रश्न विचारील: तुम्ही काय नेलेत आणि काय ठेवलेत? २०१७ पासून येथल्या तरुणांनी कोटावरची झाडेझुडपे स्वतःच्या हातांनी तोडून तो मोकळा केला. कोट बांधणारे हात होते, जपणारेही हातच आहेत. आता तळी जपू या. आणि खाणीत, गिरणीत राबणाऱ्याला त्याचा वाटा देऊ या. तो मिळाला, तरच हे राज्य आपले, असे म्हणण्यास अर्थ आहे.